फाउंडेशन

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, हे आमच्या प्राध्यापकांना कितपत रुचेल, मला ठाऊक नाही. मराठी विभागासाठी लेखाचा विषय सांगायला गेले तेव्हा संपादक मंडळातल्या मैत्रिणीने विचारलेच, "अगं, महागाईवर लिही, जीएसटीवर लिही, हे इंजिनाचं काय काढलंस?" तिला मी एवढेच म्हटले की हा लेखही हिशेबाचाच आहे. चुकलेल्या हिशेबाचा. आणि तो चुकवण्यात माझाही हात आहे.

गेली दोन वर्षे कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी मी उद्यमबागेतल्या एका गॅरेजमध्ये हिशेब लिहिते. मालक कन्नड भाषिक. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणते. ते मला 'तंगी' म्हणतात. माझी शाळा मराठी माध्यमाची, कन्नड मी गल्लीत आणि बसमध्ये शिकले, आणि इंजिनाची भाषा अण्णांच्या बिलबुकात. त्या बिलबुकात एकेका ओळीत तीन-तीन भाषा सुखाने नांदत असतात. इंजिन गाडीच्या सांगाड्याला ज्या रबरी आधारांवर टांगलेले असते त्यांना इंग्रजी पुस्तकांत काहीही म्हणोत. आमच्याकडे मराठी मेस्त्री, कन्नड मेस्त्री, स्पेअर पार्टवाला, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आहे: फाउंडेशन. 'फाउंडेशन गेलंय' म्हणजे ते रबर फाटले किंवा बसले.

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्याला पुढे वाचायचे नसेल त्याचा वेळ वाचेल. रोजच्या वापराच्या गाडीत, मग तिच्यात इतर फेरफार कितीही केलेले असोत, इंजिनाचे वजन पेलणारी फाउंडेशने रबराचीच असावीत. कडक करायचेच असेल तर फक्त मागचा टॉर्क रॉड करावा. आणि मुख्य म्हणजे ही निवड एकट्या गाडी चालवणाऱ्याने करू नये. तिच्यात जे जे बसतात त्यांना विचारून करावी.

आमचे घर वडगावचे. तिथे ज्यांचे बालपण गेले त्यांना फाउंडेशन समजावून सांगावे लागत नाही. शेजारी माग सुरू झाला की आपल्या घरातल्या फडताळावरची भांडी वाजू लागतात. माग हलतो, मागाबरोबर जमीन हलते, जमिनीबरोबर भिंत, आणि भिंतीबरोबर फडताळ. मध्ये काही मऊ घातले तर ती साखळी तुटते. इंजिन हा असाच एक माग आहे आणि गाडीत बसणारे म्हणजे फडताळावरची भांडी. रबराचे पहिले काम ती साखळी तोडण्याचे. पण त्याला दुसरेही काम आहे: इंजिनाला जागेवर धरून ठेवण्याचे. गंमत अशी की पहिल्या कामासाठी रबर मऊ हवे आणि दुसऱ्यासाठी कडक. दोन्ही एकदम मिळत नाही. फाउंडेशनची सगळी विद्या या एका तडजोडीत आहे.

ही तडजोड शोधून काढायला मोटार धंद्याला बराच काळ लागला. आरंभीच्या अनेक गाड्यांत इंजिन सरळ सांगाड्याला बोल्टने आवळलेले असे आणि चार सिलिंडरचे इंजिन बसणाऱ्याची हाडे खिळखिळी करी. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९३१ साली आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर अशा रीतीने टांगले की ते आपल्या वजनाच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेभोवती मोकळेपणाने डोलू शकेल. तिने त्याला 'फ्लोटिंग पॉवर', म्हणजे तरंगती शक्ती, असे नाव देऊन त्याची मोठी जाहिरात केली. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने ती पद्धत परवान्याने घेतली आणि गाडीवर पोहणाऱ्या हंसाचे चिन्ह लावले. रबराच्या एका तुकड्यासाठी हंस! आज बॉनेट उघडून त्या काळ्या गोळ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

उलट ते रबर तुटले तर काय होते, याचाही मोठा दाखला आहे. १९७१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख शेव्हरोले गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या मुख्यतः १९६५ ते १९६९ या वर्षांतल्या होत्या. फाउंडेशनचे रबर तुटले की इंजिन एका बाजूने उचलले जाई आणि उचलता उचलता ॲक्सिलरेटरची जोडणी ओढली जाऊन गाडी आपोआप वेग घेई. कंपनीने उपाय केला तो असा, की इंजिन फार उचलले जाऊ नये म्हणून त्याला पोलादी दोराने बांधले. म्हणजे हा सुटा भाग किरकोळ दिसला तरी किरकोळ नव्हे.

आता घरची गोष्ट. माझ्या चुलतभावाकडे, म्हणजे दादाकडे, एक छोटी डिझेल गाडी आहे. गाडी काकांच्या नावावर. काका तिच्यात साड्यांचे गठ्ठे घालून निपाणी, संकेश्वर, गोकाक अशा फेऱ्या करतात, आजीला दवाखान्यात नेतात, आणि रविवारी गाडी दादाची असते. दादाने तिच्या संगणकातली आज्ञावली बदलून घेतली. मुळात १९० न्यूटन-मीटरचा पीळ देणारे इंजिन आता २३५ च्या आसपास देते, असे त्याला सांगण्यात आले. (इथे एक गोष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, गाडीचा तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. फाउंडेशनचे रबर नोंदणीपत्रात येत नाही. पण गाडीत काहीही बदलण्यापूर्वी तो कायदा एकदा वाचावा.)

पीळ वाढला आणि महिन्याभरात गाडी तक्रार करू लागली. क्लच सोडला की पुढून 'ठप्प' असा आवाज, पहिल्या गिअरमध्ये गिअरचा दांडा आपोआप पुढेमागे, आणि ब्रेक मारला की आत काहीतरी आदळल्यासारखे. दादाच्या मित्रांनी निदान केले: "रबर पिळाला पुरत नाही, पॉलियुरेथेन टाक." तिन्ही फाउंडेशने पॉलियुरेथेनची मागवायची ठरली. पैसे कमी पडत होते. माझ्याकडे सी. ए. फाउंडेशन परीक्षेच्या नोंदणीसाठी गॅरेजच्या पगारातून साठवलेले थोडे पैसे होते. दादा म्हणाला, "फाउंडेशनचे पैसे फाउंडेशनलाच दे की!" विनोद मला आवडला आणि मी पैसे दिले. परीक्षेची ती खेप गेली.

अण्णांनी काम केले, पण बसवताना एक वाक्य बोलले ते माझ्या लक्षात राहिले: "गट्टि अंद्र चलो अंत अल्ल, तंगी." कडक म्हणजे चांगले असे नव्हे. गिऱ्हाईक आग्रह धरते तेव्हा मेस्त्री याहून जास्त बोलत नाही. मी बिल लिहिले.

पहिल्या दिवशी दादा खूष होता. ठप्प गेले, गिअर कसे सुरीसारखे पडू लागले, पाय दाबला की गाडी लगेच उत्तर देऊ लागली. हे सगळे खरे होते आणि ते मी नाकारत नाही. पण इथेच आमची पहिली चूक आहे, आणि ती शुद्ध वाणिज्याची चूक आहे. निर्देशांक काढताना आधारवर्ष नेहमीचे असावे लागते, हे आपण सगळे संख्याशास्त्राच्या तासाला लिहून घेतो. दुष्काळाचे वर्ष आधार धरले तर पुढचे प्रत्येक वर्ष समृद्धीचे दिसते. दादाने नव्या पॉलियुरेथेनची तुलना केली ती सात वर्षे वापरलेल्या, इंजिन ऑइल पिऊन फुगलेल्या, चिरा पडलेल्या रबराशी. ठप्प आवाज रबराचा नव्हता, फाटलेल्या रबराचा होता. नवे मूळ रबर घालून पाहिलेच नव्हते. जुन्या भागाचा सगळा दोष आम्ही त्याच्या जातीच्या नावावर लिहिला.

दुसरी चूक समजण्यासाठी थोडे आकडे पाहू. घाबरू नका, आपल्याला झेपतील इतकेच आहेत.

चार सिलिंडरचे इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटते. गाडी उभी असताना ते मिनिटाला सुमारे ८५० फेरे करते, म्हणजे सेकंदाला साधारण २८ धक्के. आता फाउंडेशनवर टांगलेले इंजिन म्हणजे एक पाळणा समजा. प्रत्येक पाळण्याचा आपला एक ठेका असतो. उदाहरणादाखल, मऊ रबरावर तो सेकंदाला १२ वेळा आहे असे धरू. धक्के २८ आणि पाळण्याचा ठेका १२. दोघांचे जमत नाही, म्हणून धक्क्याचा जेमतेम पाचवा हिस्सा गाडीत पोचतो. आधार चौपट कडक केला की ठेका दुप्पट होतो, म्हणजे २४. आता २८ आणि २४ जवळ आले. पाळण्याला त्याच्या ठेक्याजवळ ढकलत राहिले की झोका वाढत जातो, तसेच इथे होते. कागदावरच्या हिशेबाने मूळ धक्क्याच्या दुपटीहून अधिक थरथर आत येऊ शकते. रबरात मुरणारा भाग वजा केला तरी फरक मोठाच उरतो. आणि हे होते कधी? गाडी उभी असताना. सिग्नलला, रेल्वे गेटपाशी, दवाखान्याच्या दारात. भरधाव जाताना धक्के इतके वेगाने येतात की तो ठेका मागे पडतो. तेव्हा थरथर कमी वाटते, नुसती घूं घूं ऐकू येते. म्हणून जो रविवारी मोकळ्या रस्त्यावर चालवतो त्याला दोष दिसत नाही, आणि जो रोज गावात बसतो त्याला दुसरे काही दिसत नाही.

कडकपणा मोजायचे एक साधे माप आहे, त्याला शोअर 'ए' म्हणतात. शून्य ते शंभर. आपले खोडरबर ४० च्या आसपास, गाडीच्या टायरचा पृष्ठभाग ६० ते ७०, बुटाची टाच ८० च्या जवळ. कंपनीची फाउंडेशने साधारण खोडरबर आणि टायर यांच्या दरम्यान असतात. बाजारातली पॉलियुरेथेनची ७० पासून ९५ पर्यंत मिळतात. आम्ही आणली ती ८५ ची होती. बुटाच्या टाचेहून कडक आधारावर इंजिन बसवून त्याच गाडीत आम्ही आजीला बसवत होतो.

आजीचा उजवा हात गेली काही वर्षे थरथरतो. औषध चालू आहे आणि त्या औषधाने बराच उतार होता. त्या पावसाळ्यात मात्र ती गप्प गप्प राहू लागली. खानापूरला बहिणीकडे जायचे तिने टाळले. दवाखान्यात जायचे म्हटले की "आज नको" म्हणायची. गाडीत बसली तर हात पदराखाली ठेवायची. आम्हाला वाटले, वयाचे असेल. काकू एकदा म्हणाल्या, "अत्याबाई, डॉक्टरांना सांगूया का?" तर ती एकदम म्हणाली, "सांगून काय करायचं? वाढलंय ते मला कळतंय. गाडी थांबली की सगळं अंग थरथरायला लागतं."

गाडी थांबली की. हे तीन शब्द मी ऐकले, आणि तरीही मला काही उमगले नाही, याची मला आजही लाज वाटते. पुढे एका लग्नाला आजी शेजाऱ्यांच्या गाडीतून गेली. वाटेत रेल्वे गेट पडले होते. गाडी दहा मिनिटे उभी होती. आजी आपल्या हाताकडे बघत बसली आणि घरी आल्यावर म्हणाली, "आज बरं होतं बघ. देवाची कृपा." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजाराची नव्हे, ती आमच्या ८५ नंबरच्या फाउंडेशनची थरथर होती. आणि तीन महिने ती आपले दुखणे वाढले असे समजून मनातल्या मनात आवराआवर करत होती.

मी दादाला सांगितले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजला पोचायच्या आधीच त्याने गाडी अण्णांच्या दारात आणून लावली होती.

अण्णांनी जे केले ते इथे लिहिते, कारण कुणाला उपयोगी पडेल. आमच्या गाडीसारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत सहसा तीन आधार असतात. उजवा आणि डावा हे दोन वजन पेलतात. तिसरा, मागचा टॉर्क रॉड, वजन फारसे घेत नाही. इंजिन पिळाने मागेपुढे कलते तेव्हा त्याला धरतो. हा पीळ काही लहान नसतो. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि शेवटचे दातेरी चाक इंजिनालाच जोडलेले असल्याने चाकावरच्या सगळ्या पिळाची उलट प्रतिक्रिया याच आधारांवर येते. पहिल्या गिअरमध्ये पीळ साधारण चौदापट होतो असे धरले, तर १९० चे झाले २६६०. म्हणजे एक मीटर लांब पहारेच्या टोकाला सुमारे २७० किलो वजन लटकवण्याइतके. दादाच्या २३५ ने ते ३३५ किलोच्या घरात जाते. तेव्हा काहीतरी कडक हवे होते, हे दादाचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. पण कुठे कडक, हा प्रश्न होता. गाडी उभी असताना थरथर मुख्यतः वजन पेलणाऱ्या दोन आधारांतून आत येते. टॉर्क रॉडवर तेव्हा भार थोडाच असतो. म्हणून अण्णांनी उजवे-डावे आधार मूळ रबराचे नवे घातले आणि टॉर्क रॉडमध्ये तेवढा ७० च्या कडकपणाचा बुश ठेवला. आधी बोल्ट सैल लावून इंजिन चालू केले, ते आपल्या जागी नीट बसू दिले, आणि मग ठरल्या मापाने आवळले. घाईने आवळले तर नवे रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

आता थरथर किंचित जास्त आहे, मूळच्या गाडीइतकी शांत ती नाही. पण गिअरचा दांडा नाचत नाही, ठप्प आवाज नाही, आणि आजी खानापूरला जाऊन आली.

माझ्या मताविरुद्ध जे बोलले जाते ते मी गॅरेजच्या बाकावर बसून पुष्कळ ऐकले आहे. पॉलियुरेथेन तेलाने फुगत नाही, जास्त टिकते, शर्यतीच्या गाड्यांत तर धातूचेच आधार असतात, मग रबर कशाला? उत्तर सोपे आहे. शर्यतीची गाडी तासभर चालते, तिच्यात एकच माणूस बसतो आणि तो स्वखुशीने बसतो. तेलाने रबर फुगते तर तेलाची गळती बंद करावी. ती तशीही करायलाच हवी. आणि आधार मऊ नसला की धक्का नाहीसा होत नाही, तो पुढच्या भागाकडे जातो: ब्रॅकेटला चीर पडते, डॅशबोर्ड वाजू लागतो, आणि तिथे काही नसेल तर बसणाऱ्याच्या पाठीत जातो. आमच्या विषयात याला खर्च दुसऱ्याच्या खात्यावर ढकलणे म्हणतात. कारखाना आपला धूर गावावर सोडतो तेव्हा आपण निबंधातून त्याच्यावर टीका करतो. घरातल्या गाडीत आपण तेच करतो आणि त्याला शौक म्हणतो.

आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये अशा गाड्या आणि त्यांचे मालक पुष्कळ आहेत. त्यांच्या हौसेवर मला पाणी टाकायचे नाही. हौस नसती तर अण्णांचे गॅरेज कसे चालले असते आणि माझा पगार कुठून आला असता? माझी विनंती एवढीच आहे. कडक फाउंडेशन घालण्यापूर्वी आधी मूळ नवे रबर घालून पाहा, म्हणजे तुलना खरी होईल. मग टॉर्क रॉड बदला. तरीही समाधान नसेल तर पुढे जा. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला मागच्या सीटवर बसवून, गाडी चालू ठेवून, दहा मिनिटे एका जागी उभी करा. त्या दहा मिनिटांत तुम्ही स्वतः मागे बसा. बिलात ही रक्कम कुठेच लिहिलेली नसते. मी लिहिलेल्या बिलात तरी नव्हती.

आजीला आम्ही सगळे खरे सांगितले. ती रागावली नाही. म्हणाली, "म्हणजे गाडीलाच झालं होतं होय माझं दुखणं?" आणि हसली. दादाने माझे पैसे दोन हप्त्यांत परत केले आहेत. त्यांतून मी परवा नोंदणीचा अर्ज भरला. अण्णांनी विचारले, "कशाची परीक्षा?" मी म्हटले, "फाउंडेशन." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "रबराचंच घे."